कोंब फुटण्याआधी : कांदा पट्ट्यातल्या बाजार समित्यांना खुलं पत्र

प्रति,
कांदा पट्ट्यातल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे सभापती व संचालक, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या कांदा उत्पादकाची मुलगी. भाद्रपदात आमच्याकडे कांदा साठवायची चाळ फोडली की वडील एक कांदा उचलतात, विळ्यानं उभा चिरतात आणि आतला हिरवा कोंब किती वर आलाय ते बघतात. कोंब बोटभर आला असेल तर घरात कोणी काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पिकअप भरून माल बाजारात जातो, भाव असो वा नसो. आणखी महिनाभर थांबता आलं असतं तर, हा विचार घरातल्या प्रत्येकाच्या मनात असतो. पण कोंब थांबत नाही.

तो थांबवणारं यंत्र मला जवळून माहीत आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकताना तिथल्या विभागातला मायक्रोट्रॉन मी पहिल्यांदा पाहिला. इलेक्ट्रॉनांना गोल गोल फिरवत त्यांचा वेग वाढवणारं ते यंत्र होतं. पुढे इलेक्ट्रॉन त्वरकांची, म्हणजे ॲक्सिलरेटरची देखभाल हेच माझं काम झालं. कणत्वरक म्हटलं की लोकांना जिनिव्हाजवळचं सर्नचं २७ किलोमीटरचं भुयार आठवतं. माझ्या कामातली यंत्रं एका खोलीत मावतात. जगातले बहुतेक त्वरक असेच आहेत. ते रुग्णालयांत, वायरींच्या कारखान्यांत आणि चिप बनवणाऱ्या उद्योगांत चालतात. कुठल्याही नव्या कणाचा शोध न लावता ते रोजचं काम करतात.

आत्ताच लिहिण्याचं कारण असं. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लघु आणि मध्यम उद्योगांसाठी ५० बहुउत्पादन अन्न विकिरण केंद्रांना, म्हणजे वेगवेगळ्या अन्नमालाला ठरावीक मात्रेत किरणं देणाऱ्या केंद्रांना, अर्थसाहाय्य जाहीर झालं. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ही ५० केंद्रं आणि १०० अन्न तपासणी प्रयोगशाळा यांसाठी मिळून १००० कोटी रुपयांना मंजुरी दिली. म्हणजे आपल्या दारात प्रस्ताव येणार. सल्लागार नकाशा पसरतील, अनुदानाचा आकडा सांगतील आणि सही मागतील. त्या सहीआधी आपण एक प्रश्न विचारावा, एवढीच माझी विनंती आहे : या केंद्रात किरणं कशातून येणार, कोबाल्ट या किरणोत्सारी धातूमधून की विजेवर चालणाऱ्या त्वरकातून? आपल्या कांद्याच्या दृष्टीनं या प्रश्नाचं उत्तर फार महत्त्वाचं आहे.

विकिरण आपल्या भागाला नवं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रानं लासलगावला उभारलेलं कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, आपण ज्याला ‘कृषक’ म्हणतो, ते २००२ पासून आहे. उभं राहिलं कांद्यासाठी, पण नाव झालं ते आंब्यामुळे. २००७ साली भारतातला आंबा पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला. कोयीतला भुंगा आणि फळमाशी यांच्या बंदोबस्तासाठी अमेरिकेनं किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) मात्रेची अट घातली होती, आणि ती मात्रा लासलगावला देता येत होती. कोकणातला हापूस घाट चढून कांद्याच्या गावी यायचा आणि मग विमानात बसायचा. पुढे वाशीला पणन मंडळाचं केंद्र झालं. कांदा मात्र बहुतेक चाळीतच राहिला. दोनदा हमाली, दोनदा भाडं आणि ऐन काढणीच्या घाईत केंद्रापुढे रांग, एवढं सोसून हातात काय पडणार याचा हिशेब शेतकऱ्याला कोणी नीट करून दाखवला नाही.

तो हिशेब मांडण्याआधी किरणं कांद्यात नेमकं काय करतात ते सांगते. कांद्याच्या तळाशी, मुळांच्या चकतीच्या वर, पाकळ्यांच्या अगदी आत वाढीचा एक बारीक बिंदू असतो. काढणीनंतर काही आठवडे तो झोपलेला असतो. झोप पुरी झाली की तिथल्या पेशी विभागू लागतात आणि कोंब निघतो. या पेशींच्या डीएनएला इजा झाली की त्या विभागू शकत नाहीत. त्यासाठी साधारण ६० ग्रे मात्रा पुरते. एक ग्रे म्हणजे एका किलोत एक ज्यूल ऊर्जा. ६० ग्रेनं पाणी तापवायचं म्हटलं तर ते एका अंशाच्या सत्तराव्या भागाइतकंच तापेल. कांदा शिजत नाही, त्याचा वास आणि तिखटपणा जात नाही. वाढीचा तो एक बिंदू तेवढा कायमचा थांबतो.

हा ६० चा आकडा मला आधी कांद्यामुळे कळला नाही. माझ्या आत्याला कर्करोग झाला तेव्हा नाशिकच्या एका रुग्णालयात तिला ३० दिवस किरणोपचार दिले. रोज २ ग्रे, एकूण ६०. ते यंत्रही इलेक्ट्रॉन त्वरकच होतं. तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटतात, तांब्याच्या पोकळ कप्प्यांतून जाताना सूक्ष्मलहरी त्यांना ढकलत नेतात, आणि ते धातूच्या तुकड्यावर आदळले की क्ष-किरण निघतात. गाठीतल्या विभागणाऱ्या पेशी आणि कांद्याच्या तळातल्या विभागणाऱ्या पेशी, दोन्हींवर किरणांची क्रिया एकाच जातीची. मी रोज तिच्यासोबत जायचे आणि जाड काँक्रीटच्या भिंतीबाहेर बसून हाच विचार करायचे.

आता कोबाल्टकडे वळते. कोबाल्ट-६० आपल्याच अणुभट्ट्यांत तयार होतो. त्याचे गॅमा किरण भरलेल्या गोण्यांच्या आरपार जातात. यंत्रणा साधी आणि भरवशाची असते. हे त्याचे गुण मी नाकारत नाही. पण तो सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे वर्षाला सुमारे १२ टक्के घटतो. केंद्र चालू असो वा बंद, पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या कोबाल्टच्या कांड्या झिजतच असतात. आपला उन्हाळ कांदा निघतो मार्च ते मे. मात्रा द्यायची ती काढणीनंतर, कांदा नीट सुकल्यावर, पण त्याची झोप मोडण्याआधी. म्हणजे वर्षातले दोन, फार तर अडीच महिने. उरलेल्या साडेनऊ महिन्यांत घटणाऱ्या कोबाल्टचे पैसे कोणाच्या खिशातून जाणार? बहुउत्पादन केंद्रात मसाले, आंबा, औषधी वनस्पती घेऊन हे नुकसान भरून काढता येतं, पण त्यासाठी वर्षभर माल हवा आणि तो आणणारा माणूस हवा.

त्वरकाचं तसं नाही. बटण बंद केलं की किरण बंद. त्यात किरणोत्सारी पदार्थच नसतो. काम नसेल तेव्हा किरणांचा एक कणही वाया जात नाही. हंगामी पिकाला हंगामी यंत्र शोभतं.

यावर एक शंका जाणकार घेतील आणि ती बरोबर आहे : इलेक्ट्रॉन खोल जात नाहीत. अन्नासाठी जगभर इलेक्ट्रॉनची मर्यादा १० एमईव्ही (एमईव्ही हे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेचं माप) ठेवली आहे, कारण त्याखाली अन्नात किरणोत्सार निर्माण होत नाही. १० एमईव्हीचा इलेक्ट्रॉन पाण्यात जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर जातो. एका बाजूनं उपयोगी खोली सव्वातीन सेंटिमीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंनी मारा केला तर सुमारे ८. म्हणजे ५० किलोची गोणी इलेक्ट्रॉनखाली ठेवून भागणार नाही, मधला कांदा कोराच राहील. पण सुटा कांदा, एका थरात, फिरत्या रुळांवर गोल गोल वळत गेला तर ५-६ सेंटिमीटरच्या मालाच्या गाभ्यापर्यंत मात्रा पोचते. एका थरात सुटा, फिरता कांदा आपल्याकडे असतो कुठे? प्रतवारीच्या पट्ट्यावर. गोल्टी, मध्यम आणि मोठा जिथे वेगळा होतो, तिथेच पट्ट्याच्या शेवटच्या टप्प्याला बंदिस्त खोलीतून नेलं तर ना दुसरी हमाली, ना दुसरं भाडं. माझ्या मते सगळी गोष्ट या एका मुद्द्यावर फिरते. आजवर आपण कांदा किरणांकडे नेत आलो. त्वरकामुळे किरण कांद्याच्या वाटेवर आणता येतात.

गोणीतच मात्रा द्यायची असेल तर तोच इलेक्ट्रॉनचा झोत धातूच्या पत्र्यावर आदळवून क्ष-किरण करता येतात. ते गॅमासारखेच खोल जातात. आत्याच्या यंत्रात तेच होत होतं. अडचण अशी की ५ एमईव्हीला झोताच्या ऊर्जेपैकी जेमतेम ८ टक्केच क्ष-किरणांत येते, बाकी सगळी उष्णता होते.

आता आकडे. हा हिशेब मी वहीत मांडला आहे, कोणीही पडताळून पाहावा. एक टन कांद्याला ६० ग्रे म्हणजे ६० किलोज्यूल. १० किलोवॅटच्या झोताची ऊर्जा काही पट्ट्याच्या कडेला, काही हवेत वाया जाते, म्हणून ३० टक्केच कामी आली असं धरू, म्हणजे ३ किलोवॅट. एका टनाला २० सेकंद. तासाला १८० टन. २० क्विंटलच्या ट्रॉलीचा माल ४० सेकंदांत. कुठलाच प्रतवारीचा पट्टा एवढा पळत नाही, आणि एवढा कांदा ओतायला माणसंही मिळणार नाहीत. म्हणजे फक्त कांद्यासाठी १० किलोवॅट लागतच नाहीत. १ किलोवॅटचं यंत्र तासाला १८ टन करेल. उलट १० किलोवॅटच्या ५ एमईव्ही यंत्रातून क्ष-किरण करायचे ठरवले, तर झोताच्या ८ टक्क्यांचे क्ष-किरण आणि त्यांतलेही ३० टक्केच कामी आले असं धरून एका टनाला सव्वाचार मिनिटं लागतील, म्हणजे तासाला साधारण १४ टन. मोठ्या यंत्राची, मोठ्या इमारतीची आणि मोठ्या कर्जाची भुरळ पडेल तेव्हा हे दोन आकडे डोळ्यांपुढे ठेवा. सुट्या कांद्यासाठी छोटं यंत्र पुरतं. अडतं ते प्रतवारीपाशी, सुकवणीपाशी आणि साठवणुकीपाशी.

हे तंत्र परदेशातून उचलून आणायचं आहे असंही नाही. नवी मुंबईत खारघरला भाभा केंद्राचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथे १० एमईव्हीचा देशी रेषीय त्वरक आहे. वाशीला २ एमईव्हीच्या यंत्रावर वायरींच्या प्लास्टिकचं आवरण टणक करण्याचं काम बरीच वर्षं झालं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रानं तर स्वतः बनवलेले १० एमईव्हीचे त्वरक चोइथराम मंडईत, म्हणजे थेट फळ-भाजीच्या बाजारात नेऊन ठेवले आहेत. तिथे वैद्यकीय साहित्याचं निर्जंतुकीकरण होतं. सिरिंज, कॅथेटर अशा वस्तूंना २५ किलोग्रे लागतात, कांद्याच्या चारशे पटींहून जास्त. हंगाम संपल्यावर आपल्या यंत्राला कोणतं काम द्यायचं, याचं एक उत्तर तिथे आहे. फक्त मग यंत्र त्या कामाच्या ताकदीचं घ्यावं लागेल, १ किलोवॅटचं चालणार नाही. हा निर्णय आधीच झाला पाहिजे, इमारत बांधून झाल्यावर नाही.

बाहेरही पुष्कळ घडलं आहे. हवाई बेटांवर २००० पासून पपईसाठी क्ष-किरण केंद्र चाललं. बेल्जियमच्या कंपनीचे रोडोट्रॉन जातीचे त्वरक शेकडो किलोवॅटपर्यंत गेले. त्यात एकाच पोकळीतून इलेक्ट्रॉन फुलाच्या पाकळ्यांसारखे पुन्हा पुन्हा फिरवले जातात. अमेरिकेत फर्मिलॅब आणि जेफरसन लॅब या प्रयोगशाळांनी नायोबियम-कथिलाचा लेप दिलेल्या अतिवाहक, म्हणजे अतिथंड केल्यावर विजेला जवळपास अडथळा न करणाऱ्या, पोकळ्या द्रव हेलियमच्या टाकीशिवाय, नुसत्या शीतयंत्राला जोडून चालवून दाखवल्या. ते तंत्र पक्कं झालं तर कमी विजेत जास्त ताकदीची यंत्रं कारखान्यांत दिसतील. आपल्याला आज त्याची वाट बघायची गरज नाही. कांद्याला लागणारं यंत्र आजही बनतं.

त्वरकाच्या अडचणी मी लपवणार नाही, कारण रात्री-अपरात्री त्या मीच सोडवते. वीज स्थिर लागते. दाबात चढउतार झाला की यंत्र स्वतःला बंद करून घेतं, आणि एप्रिल-मे हा आपल्या भागातला विजेचा सर्वांत वाईट काळ. स्वतंत्र फीडर आणि चांगला स्टॅबिलायझर हा खर्च प्रस्तावात पहिल्या पानावर हवा. सूक्ष्मलहरी तयार करणारे मॅग्नेट्रॉन आणि क्लायस्ट्रॉन ठरावीक तासांनंतर बदलावे लागतात आणि त्यांतले बरेचसे आयात होतात. इलेक्ट्रॉन बाहेर येतात ती टायटॅनियमच्या पातळ पापुद्र्याची खिडकी फाटली तर हंगामाच्या मधोमध काम थांबतं, म्हणून सुटे भाग आधीच कपाटात हवेत. हवेत ओझोन तयार होतो, तो बाहेर काढणारे पंखे हवेत. जाड काँक्रीट कोबाल्ट आणि त्वरक दोन्हीकडे लागतंच, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगीही दोन्हीकडे लागते. पण या यंत्राला लागणारा माणूस आपल्याकडे आहे. ज्या नाशिक जिल्ह्यात रुग्णालयांतले त्वरक रोज चालतात, तिथल्या तंत्रनिकेतनातल्या मुला-मुलींना हे काम शिकवता येतं. आपल्या समितीनं दोन मुलं आणि दोन मुली वर्षभर शिकायला पाठवल्या तर केंद्र सुरू होईल त्या दिवशी त्याचं कुलूप आपल्याच माणसाच्या हातात असेल.

आणि विकिरणानं काय होत नाही, हेही शेतकऱ्याला आधीच सांगा. त्यानं सड थांबत नाही, काजळी थांबत नाही, वजनघट थांबत नाही. मान न पडलेला, ओला, जखमी, युरिया जास्त झालेला कांदा किरणांखालून काढला तरी तो चाळीत पाणीच सोडणार. उशीर झाला, आत कोंब हलू लागल्यावर मात्रा दिली, तर तो कोंब आत मरून तपकिरी पडतो आणि चिरल्यावर दिसतो. शीतगृहाशी मात्र विकिरणाची जोडी छान जमते. साधा कांदा शीतगृहातून बाहेर काढला की काही दिवसांत फुटतो, विकिरण केलेला फुटत नाही. आणखी एक गोष्ट काळजावर लिहून ठेवा : बियाण्यासाठी ठेवलेला कांदा या पट्ट्यावर चुकूनही जाता कामा नये. तो लावला तर बी धरणारे डोंगळे येणारच नाहीत. दोन्ही माल वेगळ्या रंगाच्या गोण्यांत ठेवण्याचा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

भीतीबद्दल लिहायचं राहिलं, आणि ते सोपं नाही. आत्या उपचार संपवून घरी आली तेव्हा शेजारच्या दोन घरांनी आपली लेकरं तिच्यापासून लांब ठेवली. तिच्या अंगातून किरणं येतात, असं कोणीतरी सांगितलं होतं. ती कोणाला दोष देत नव्हती, पण ओट्यावर बसायचं तिनं सोडलं. यंत्र बंद होताच किरण संपतात, दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही तसे, हे मी घरोघरी जाऊन सांगितलं. काहींना पटलं, काहींना पटेपर्यंत आत्या राहिली नाही. म्हणून सांगते, ‘किरणं मारलेला कांदा’ हा शब्द बाजारात कसा फिरेल याचा विचार केंद्र बांधून झाल्यावर करू नका. भारतात कांदा-बटाट्याच्या विकिरणाला १९९४ पासून परवानगी आहे. १० किलोग्रेपर्यंतचं विकिरण केलेलं अन्न निर्धोक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं १९८० मध्ये दिला. आपली मात्रा त्याच्या दीडशे पटींहून कमी आहे. पण कागदावरचा निर्वाळा ओट्यावर पोचत नाही. पॅकवर विकिरण केलेल्या अन्नाचं हिरवं रडुरा चिन्ह ठळक छापा, लपवू नका. शाळांच्या सहली न्या. गावातल्या बायकांना आत बोलवा, यंत्र बंद करून त्यांच्याच हातात मोजणीयंत्र द्या आणि पट्ट्यावरून आलेला कांदा त्यांना मोजू द्या.

भावाचं गणित यानं सुटेल, असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा कोंब न आलेला कांदाही मातीमोल झाला होता, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. विकिरणानं शेतकऱ्याच्या हाती फक्त थोडा वेळ येतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांबण्याची मुभा येते. आणि तीही केंद्राची मालकी शेतकऱ्यांच्या कंपनीकडे किंवा समितीकडे असेल तरच. केंद्र व्यापाऱ्याचं असेल तर एप्रिलमध्ये स्वस्तात घेतलेला कांदा तो टिकवेल आणि वाढीव भाव त्याच्या पदरात पडेल. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न यंत्र कोणतं आहे याच्याइतकाच मोठा आहे.

तेव्हा प्रस्ताव घेऊन जो कोणी येईल त्याला विचारा : किरण कशातून येणार, सुट्या कांद्यासाठी झोत किती किलोवॅटचा लागतो याचा हिशेब कुठे आहे, उरलेले महिने यंत्रावर काय चालणार, सुटे भाग कुठून येणार आणि हंगामात यंत्र बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार. ज्याच्याकडे ही उत्तरं लेखी नाहीत, त्याचा नकाशा गुंडाळून परत द्या.

मी एप्रिलमध्ये काढणीसाठी पंधरा दिवस गावी असते. आपल्या आवारातल्या प्रतवारी पट्ट्याची रुंदी, वेग आणि तासाला जाणारा माल मोजायला मला एक सकाळ पुरते. त्या आकड्यांवरून आपल्या बाजाराला किती ताकदीचं यंत्र लागेल, ते मी कागदावर मांडून देईन, एक रुपयाही न घेता. निरोप धाडा, पहाटे लिलाव सुरू होण्याआधी येते.

आपली,
निफाड तालुक्यातली एक लेक